खेळणारे किती, अडकलेले किती?
सीमाभागातील विद्यार्थ्यांच्या गेमिंगची मोजदाद : प्रस्तावना

निपाणी सोडून कोल्हापूरच्या वाटेला लागले की गाव संपते न संपते तोच अर्जुननगर येते. तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. तिथले देवचंद महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाचे. हद्दीच्या अलीकडे, कर्नाटकातल्या निपाणी गावात, के.एल.ई. संस्थेचे जी. आय. बागेवाडी महाविद्यालय आहे. ते बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे मोडते. दोन्हीकडे जाणारी पोरे मात्र एकाच गल्लीतली असतात. एकाच मंडळाची वर्गणी मागत फिरतात, एकाच कट्ट्यावर बसतात आणि रात्री जेवणे उरकली की एकाच स्क्वाडमध्ये, म्हणजे चौघांच्या संघात, बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळतात. दोन विद्यापीठांची वेळापत्रके वेगळी. एकाचा सेमिस्टरचा पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी असतो तेव्हा दुसऱ्याला सुट्टी लागलेली असते, आणि सुट्टीवाला रात्री साडेदहाला लॉबीत बोलावतो. "एकच मॅच, मग जा झोपायला," म्हणतो. उद्या शिवाजी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली तर चौघांच्या स्क्वाडमधले दोघे तिच्यात येतील; राणी चन्नम्मा विद्यापीठाची झाली तर उरलेले दोघे. चौघे मिळून जे करतात ते कोणत्याच पाहणीत दिसणार नाही.

या चौघांपैकी कोणी गेममध्ये अडकला आहे का, आणि तो अडकला आहे हे कशावरून म्हणायचे, हा या प्रस्तावनेचा विषय. प्रश्न साधा वाटतो. घरातल्या माणसांना विचारले तर उत्तर तयार असते : "रात्रभर मोबाइलात तोंड घालून बसतोय, म्हणजे अडकलाच की!" पोराला विचारले तर तेही तयार असते : "टाइमपास आहे, कधीही सोडीन." दोन्ही उत्तरे मनापासूनची असतात आणि दोन्हींवर विसंबून चालत नाही. म्हणून प्रश्नावल्या आल्या, गुण आले, उंबरठे आले. त्यांचा उपयोग काय आणि धोका कुठे, हे प्राध्यापकांनी, पालकांनी आणि मुख्य म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः समजून घ्यावे असे मला कळकळीने वाटते. असे विद्यार्थी या भागात थोडे नाहीत. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० पासून; शिवाय के.एल.ई.चे अभिमत विद्यापीठ. खानापूर, चिकोडी, चंदगड, गडहिंग्लजकडची मुले टिळकवाडीत, शहापुरात, वडगावात खोल्या घेऊन राहतात. घरापासून पहिल्यांदाच दूर, हातात स्वतःचा फोन, रात्री कोणी हाक मारणारे नाही. मोजायचे तर इथेच मोजले पाहिजे.

मोजण्याची गरज भीतीमुळेही निर्माण झाली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या एका गावात तरुण मुलाने वडिलांचा खून केला, आणि देशभरच्या बातम्यांत कारण म्हणून पबजी या मोबाइल गेमचे नाव आले. त्या घरावर कोसळलेल्या दुःखाचा इथे उदाहरण म्हणून वापर करणे मला पटत नाही. पण त्या बातमीने या भागातल्या आईबापांच्या मनात जी धास्ती बसली ती खरी आहे, आणि तिच्यावर बोलायला हवे. एका भयंकर घटनेवरून बाकीच्या हजारो खेळणाऱ्यांविषयी काहीच कळत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी पबजीवर बंदीचा हुकूम काढला आणि खेळताना सापडलेल्यांना, त्यात महाविद्यालयीन विद्यार्थीही होते, अटक केली. कोण अडकला आहे हे ओळखायची रीत हाताशी नसली की जो खेळतो तो गुन्हेगार ठरतो. उलट बाजूलाही तेवढेच नुकसान होते : वर्गात शांत बसणारा, दोन विषयांत बॅक राहिलेला, दिवसभर झोपणारा मुलगा कोणाच्याच नजरेत भरत नाही, कारण त्याने कुठे दंगा केलेला नसतो.

गेमच्या नावावर माप बसवता येत नाही, हे गेल्या काही वर्षांनी शिकवले आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि २०१८ पासून पबजी मोबाइल घराघरांत शिरला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात तो गेला. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे बीजीएमआय, या नावाने परत आला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा ॲप स्टोअरमधून हटवला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर झाला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, तरी फ्री फायर मॅक्स चालूच राहिला. खेळणारी मुले या सगळ्या काळात तीच होती. "तू पबजी खेळतोस का?" असे विचारणारी प्रश्नावली वर्षभरात शिळी होते.

जगभरात हे मोजमाप कसे घडत गेले ते थोडक्यात. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या किंबर्ली यंग यांनी इंटरनेटच्या व्यसनासाठी २० प्रश्नांची चाचणी मांडली. त्यामागचा विचार जुगाराच्या निकषांवरून घेतलेला होता. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने 'इंटरनेट गेमिंग डिसऑर्डर' नोंदवला, पण मुख्य यादीत नव्हे. अधिक अभ्यासाची गरज असलेल्या अवस्थांच्या विभागात. तिथे नऊ निकष आहेत आणि बारा महिन्यांत पाच किंवा अधिक दिसले तर विचार करावा असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'गेमिंग डिसऑर्डर' घेतला, मे २०१९ मध्ये त्याला जागतिक आरोग्य सभेची मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती आवृत्ती लागू झाली. तिथे नऊऐवजी तीनच खुणा आहेत : खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणे, आणि नुकसान होत असूनही खेळत राहणे किंवा ते वाढवणे. या तिन्हींमुळे घर, शिक्षण, काम, नाती यांत ठळक बिघाड झालेला असला पाहिजे, आणि हे साधारण वर्षभर चाललेले असले पाहिजे. त्याच वर्गीकरणात 'धोकादायक गेमिंग' अशी एक वेगळी नोंदही आहे, विकार म्हणता येणार नाही पण आरोग्याला अपाय होण्याची शक्यता आहे अशा खेळण्यासाठी. आपल्याकडच्या चर्चेत ही मधली जागा कोणी वापरत नाही. माझ्या मते महाविद्यालयांना तिचाच सर्वांत जास्त उपयोग आहे.

या दोन व्याख्यांवरून किती प्रश्नावल्या निघाल्या! २०२० मध्ये डॅनियल किंग आणि सहकाऱ्यांनी आढावा घेतला तेव्हा ३२ वेगवेगळी साधने वापरात असल्याचे दिसले, आणि एकही साधन बाकी सगळ्यांना मागे टाकील असे त्यांना आढळले नाही. संशोधनात आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत खूप वापरली जाणारी एक प्रश्नावली म्हणजे हॅले पोंटेस आणि मार्क ग्रिफिथ्स यांनी २०१५ मध्ये मांडलेली आयजीडीएस९-एसएफ. तिच्याकडे जरा जवळून पाहू.

तिच्यात नऊ प्रश्न आहेत, नऊ निकषांना एकेक. खेळ डोक्यात घोळत राहतो का, खेळता आले नाही की चिडचीड होते का, समाधानासाठी अधिकाधिक वेळ लागतो का, कमी करायचे ठरवून जमत नाही का, इतर आवडी सुटल्या का, त्रास होतोय हे माहीत असूनही खेळणे चालू आहे का, किती खेळतो याविषयी घरच्यांशी खोटे बोलावे लागते का, मनातला ताण विसरायला खेळतो का, आणि खेळापायी एखादे महत्त्वाचे नाते, शिक्षण किंवा नोकरीची संधी धोक्यात आली किंवा गेली का. प्रत्येक प्रश्नाला 'कधीच नाही' ते 'फारच वेळा' अशी पाच उत्तरे, एक ते पाच गुण. म्हणजे कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त ४५.

आता दोन मुले घ्या. पहिल्याने नऊच्या नऊ प्रश्नांना 'बऱ्याचदा' असे उत्तर दिले, म्हणजे प्रत्येकी चार गुण. त्याची बेरीज ३६. दुसऱ्याने पाच प्रश्नांना 'फारच वेळा' म्हटले आणि चार प्रश्नांना 'कधीच नाही'. त्याची बेरीज २९. मूळ मांडणीत सुचवलेला ३६ चा उंबरठा लावला तर पहिला अडकलेला ठरतो आणि दुसरा मोकळा. 'किमान पाच प्रश्नांना फारच वेळा' हा निदानपुस्तिकेच्या धर्तीचा नियम लावला तर दुसरा अडकलेला ठरतो आणि पहिल्याच्या खात्यात एकही निकष येत नाही. फॉर्म तोच, मुले तीच, आणि अहवालातले आकडे मात्र उलटे. एखाद्या अहवालात 'इतके टक्के विद्यार्थी गेमिंगच्या आहारी' असे वाचले की पहिला प्रश्न हा विचारावा : नियम कोणता लावला होता?

शिवाय हे नऊ निकष सारख्या वजनाचे नाहीत. जॉन चार्लटन आणि इयान डॅनफोर्थ यांनी २००७ मध्येच ऑनलाइन खेळाडूंच्या अभ्यासातून दाखवले होते की खेळ मनात घोळणे, खेळताना उधाण येणे, वेळ वाढत जाणे या गोष्टी नुसत्या मनापासून खेळणाऱ्यातही आढळतात. खेळापायी भांडणे होणे, सोडल्यावर तगमग होणे, पुन्हा पुन्हा तिकडेच वळणे, आयुष्याचा तोल जाणे, या गोष्टी अडकलेल्यांची ओळख पटवतात. कुस्तीच्या हंगामात बेळगावच्या तालमीतल्या पोराच्या डोक्यात दिवसभर डावच घोळत असतात. त्याला कोणी आजारी म्हणत नाही. गेमवाल्यालाही तेवढा न्याय मिळायला हवा.

तासांचा मुद्दा सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. पालकांना तास दिसतात, म्हणून ते तास मोजतात. पण ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गेम कंपन्यांकडून प्रत्यक्ष खेळल्याची नोंद घेऊन ३,२७४ प्रौढ खेळाडूंचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा जास्त वेळ खेळणारे कमी सुखी असे काही आढळले नाही. संबंध दिसला तो किंचित उलटाच. शिवाय स्वतः सांगितलेला वेळ आणि यंत्राने नोंदवलेला वेळ यांत चांगलीच तफावत होती. खेळ फक्त दोन होते आणि त्यात आपल्या पोरांचा बीजीएमआय नव्हता, हे खरे. तरीही सुट्टीत रोज पाच तास खेळून जून उजाडताच फोन बाजूला ठेवणारा मुलगा आणि रोज दीडच तास, पण तोही रात्री एक ते अडीच, खेळून सकाळचा तास बुडवणारा मुलगा यांच्यातला दुसरा मला जास्त काळजीचा वाटतो. फोनमधल्या 'डिजिटल वेलबीइंग'चा आकडा हवा तर घ्यावा, पण त्याच्याशेजारी घड्याळातली वेळही लिहून घ्यावी.

खेळाची घडण समजून घेतली तर उत्तरांचा अर्थ नीट लागतो. बीजीएमआयच्या एरँगल नकाशावर शंभर खेळाडू उतरतात आणि पूर्ण सामना अर्ध्या तासाच्या घरात जातो. मध्ये थांबवण्याची सोय नसते. "सर, मॅच मधीच सोडली की टीम शिव्या घालतीया," हे वाक्य या भागातल्या मुलांकडून कानावर येते, आणि त्यात सबबीपेक्षा माहिती जास्त आहे. आईने जेवायला हाक मारली आणि तो उठला नाही, यात व्यसन किती आणि तिघांना वाऱ्यावर सोडण्याची लाज किती, हे प्रश्नावलीला वेगळे करता येत नाही. त्यात ठरावीक काळाने रँक खाली येते आणि पुन्हा चढायची असते. रँक पुशचे शेवटचे दिवस आणि सेमिस्टरचे शेवटचे दिवस एकत्र आले की त्या आठवड्यातली उत्तरे वर्षभराचे चित्र सांगत नाहीत. म्हणून एकदाच फॉर्म भरून घेऊन निष्कर्ष काढू नये. सेमिस्टरच्या सुरुवातीला एकदा, मध्ये एकदा आणि निकालानंतर एकदा, असे त्याच मुलांना विचारले तरच कोण तात्पुरता वाहवला आणि कोण रुतला हे कळते.

मग मोजायचे काय? माझे उत्तर असे : जे सुटले ते मोजा, आणि ते इथल्या जगण्यातले असू द्या. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे गाव. आसपासच्या खेड्यांतली कितीतरी मुले पदवीचे शिक्षण घेता घेता सैन्यभरतीची तयारी करत असतात. पहाटे पाचला रस्त्यावर धावणारे घोळके पाहायला मिळतात. त्यातल्या एकाने धावणे सोडले, आणि ते रात्री दोनपर्यंत जागल्यामुळे सोडले, तर त्याच्या हातातून एक खरी संधी निसटते आहे. 'इतर आवडी सुटल्या का' या मोघम प्रश्नापेक्षा 'भरतीची तयारी, तालीम, मैदान, मंडळ, शेतातली मदत यांपैकी गेल्या सहा महिन्यांत काय बंद पडले आणि कशामुळे' हा प्रश्न जास्त बोलका आहे. तीच गोष्ट हजेरीची. शॉर्टेज लागले का, किती विषय राहिले, निपाणीहून बेळगावला येणाऱ्याची सकाळची बस आठवड्यातून किती वेळा चुकते. या गोष्टी महाविद्यालयाच्या दप्तरात आणि विद्यार्थ्याच्या आठवणीत दोन्हीकडे असतात, ताडून पाहता येतात. प्रमाणित प्रश्नावली टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. तिच्याशिवाय इथल्या आकड्यांची तुलना बाहेरच्या आकड्यांशी करता येणार नाही. तिच्या जोडीला इथले प्रश्न असावेत.

भाषेची अडचण या भागात टाळून पुढे जाता येत नाही. घरी मराठी, शाळा कन्नड, अभियांत्रिकी इंग्रजीत, आणि गेममधली बोलाचाली हिंदीत, असा विद्यार्थी बेळगावात सरसकट भेटतो. फॉर्म मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत द्यावा आणि कोणता घ्यायचा ते त्याने ठरवावे. प्रत्येक भाषेतला मसुदा आधी दहा-पंधरा मुलांपुढे ठेवून, "या प्रश्नातून तुला काय समजले, तुझ्या शब्दांत सांग," असे विचारावे. मराठी फॉर्म भरणारे आणि कन्नड फॉर्म भरणारे यांच्या सरासरीत फरक दिसला तर तो मुलांमधला आहे की प्रश्नांमधला, हे तपासल्याशिवाय कोणीही तो छापू नये. सीमाभागात असा आकडा कुठल्या कुठे जाईल हे सांगायला नको.

निवड कोणाची होते यावरही सगळे फिरते. सोपा मार्ग म्हणजे गुगल फॉर्म तयार करून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे. विषय गेमचा, म्हणून गेम खेळणारेच तो उघडतात आणि टक्केवारी फुगते. वर्गात कागद वाटावेत तर ज्याचा शोध घ्यायचा तोच त्या दिवशी खोलीवर झोपलेला असतो, आणि टक्केवारी घसरते. जगभरच्या अभ्यासांची बेरीज करून २०२१ मध्ये स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी सरासरी प्रमाण ३.०५ टक्के काढले. नमुना काटेकोरपणे निवडलेले अभ्यासच धरले तेव्हा ते १.९६ टक्क्यांवर आले. त्याआधी, २०१७ मध्ये, अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी चार देशांतल्या सुमारे १९ हजार प्रौढांच्या उत्तरांवरून ०.३ ते १ टक्का असा अंदाज दिला होता. वर्गयादीतून चिठ्ठ्या काढून नावे निवडावीत, आणि गैरहजर असलेल्यांकडे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जावे. कष्टाचे काम आहे. पण तेवढे केले नाही तर बाकीचे सगळे केलेले वाया जाते.

मुलींना या पाहण्यांत फार कमी जागा मिळते. 'गेमर' म्हटले की मुलगा डोळ्यांपुढे येतो, आणि लुडो किंवा कँडी क्रश खेळणारी मुलगी स्वतःला गेमर म्हणवतच नाही. पहिल्याच प्रश्नाला 'नाही' लिहून फॉर्म परत देते. निपाणी हे तंबाखूचे आणि विड्यांचे गाव. विडी वळणाऱ्या आईच्या घरात फोन एकच असू शकतो आणि तो भावाच्या हातात असतो. अशा घरातली मुलगी गेमपासून दूर आहे ती स्वतःवरच्या ताब्यामुळे की फोन मिळत नाही म्हणून, हे विचारल्याशिवाय तिच्या 'नाही'चा अर्थ लावता येत नाही. फोन कोणाचा, रिचार्ज कोण करते, तो केव्हा हाती येतो, हे तीन प्रश्न सुरुवातीलाच असावेत.

पैशांचे खेळ वेगळे ठेवावेत. कर्नाटकाने २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. पुढे संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, आणि त्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई करून ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही जुगाराचा विकार आणि गेमिंगचा विकार दोन वेगळ्या नोंदी आहेत. ऑनलाइन रमीत मेसचे पैसे घालवलेला मुलगा आणि रात्रभर रँक चढवणारा मुलगा यांना एकाच बेरजेत धरले तर दोघांचेही चित्र बिघडते. कर्ज किती, कोणाकडून, घरी माहीत आहे का, हे पहिल्याला विचारायचे. दुसऱ्याला विचारायचे झोपेबद्दल, हजेरीबद्दल, एकटेपणाबद्दल.

एकटेपणाचा उल्लेख मी मुद्दाम केला. मनातला ताण विसरायला खेळतो का, या प्रश्नाला 'फारच वेळा' लिहिणाऱ्याकडे गेम हे दुखण्याचे मूळ असेलच असे नाही. पहिल्या सेमिस्टरला नापास झालेला, इंग्रजीतले लेक्चर डोक्यावरून जाणारा, खोलीवर कोणाशी न पटणारा मुलगा जिथे आपल्याला कोणीतरी 'भावा, कव्हर दे' म्हणते तिथे जातो. फोन काढून घेतला तर तो अभ्यासाला बसेल, ही आशा खोटी ठरण्याची शक्यता मोठी. म्हणून गेमिंगच्या प्रश्नावलीबरोबर नैराश्य, चिंता आणि झोप यांची छोटी प्रमाणित चाचणीही घ्यावी. एका वेळच्या पाहणीतून आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. निदान दोन्ही एकत्र आहेत का एवढे तरी कळते.

गुणांवरून कोणाचे निदान करू नये, यामागचे गणित सांगतो. समजा एका महाविद्यालयात १,००० विद्यार्थी आहेत आणि त्यांतले खरोखर अडकलेले २ टक्के, म्हणजे २०. प्रश्नावली चांगली आहे असे धरू : अडकलेल्यांतले ९० टक्के ती पकडते आणि न अडकलेल्यांतल्या ९० टक्क्यांना बरोबर सोडून देते. मग २० पैकी १८ सापडतील. पण उरलेल्या ९८० पैकी १० टक्के, म्हणजे ९८ मुलेही विनाकारण यादीत येतील. यादी ११६ जणांची, त्यांतले खरे १८. सहा जणांमागे एक. ही यादी प्राचार्यांच्या टेबलावर गेली, घरी फोन गेले, फोन जप्त झाले, तर ९८ घरांत कारण नसताना आग लागेल. प्रश्नावलीचे काम पहिल्या चाळणीचे. पुढे समोरासमोर बसून, जाणत्या माणसाने तासभर बोलल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

याच कारणाने फॉर्मवर नाव किंवा यूएसएन, म्हणजे विद्यापीठाचा आसनक्रमांक, मागू नये, असे माझे ठाम मत आहे. हजेरीशी किंवा त्याच मुलाच्या आधीच्या फॉर्मशी ताडून पाहायचे असेल तर नावाऐवजी एक सांकेतिक क्रमांक द्यावा आणि त्याची किल्ली महाविद्यालयाबाहेरच्या संशोधकाकडे ठेवावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतो. विभागप्रमुखाच्या कपाटातल्या फॉर्मवर तो आपोआप लागू होत नाही, म्हणून काळजी जास्त घ्यावी लागते. यावर हरकत येते की नावच नसेल तर मदत कोणाला करायची. त्यावर एक साधा उपाय करता येईल. फॉर्म दोन प्रतींत द्यावा. एक संशोधकाकडे जाते. दुसरी विद्यार्थ्याकडे राहते, तिच्यावर बेरीज कशी करायची ते छापलेले असते, आणि खाली कुठे जायचे ते. आपला आकडा आपणच पाहिलेला मुलगा, कोणी न सांगता, कधीतरी त्या खालच्या ओळींकडे वळू शकतो.

त्या ओळींत काय असावे, तेही नोंदवून ठेवतो. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. मोफत, चोवीस तास, अनेक भारतीय भाषांत. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून 'शट क्लिनिक' फोन, इंटरनेट आणि गेमच्या अतिवापरासाठीच चालते. बेळगावात बिम्सचे सरकारी रुग्णालय आणि के.एल.ई.चे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था. निपाणीच्या मुलाला बेळगावपेक्षा कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय जवळ पडते, मध्ये राज्याची हद्द असली तरी. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा मानसोपचाराच्या ओपीडीत पहिल्यांदा एकटा सहसा जात नाही. ओळखीचे कोणी दिसेल या भीतीने रांगेतूनच परत फिरतो. त्याच्याबरोबर कोण जाणार, कोणत्या वारी, गाडीखर्च कोण देणार, आणि तो प्राध्यापक त्या दिवशी कामावर हजर धरला जाणार की नाही, हे फॉर्म छापायला टाकण्याआधी ठरलेले असावे.